आडदऱ्याच्या बेचाळीस चुली

आडदरे गावातून खिंडीकडे चढू लागलं, की डाव्या हाताला एक बोडकं टेपाड लागतं. त्याला मोजणीचं टेपाड म्हणतात. वर ना देऊळ, ना समाधी. नुसता गोट्यांचा एक ढीग. गड बघायला येणारे पाहुणे फोटो काढायलाही तिथे थांबत नाहीत. पण वाट दाखवायला धोंडीबा गुरव बरोबर असला, तर तो त्यांना हटकून बसवतो. "गड काय पळून जात न्हाई," म्हणतो, "आधी खाली बघा." खाली गावातलं एकूण एक घर दिसतं.

या गावाची एक रीत आहे आणि तिच्यापायी आडदऱ्याच्या सोयरिकी मोडता मोडता राहिल्या आहेत. मयत झालेल्या घरात सुतक असेतो चूल पेटत नाही, शेजारीपाजारी पिठलं-भाकरी आणून देतात, असं साऱ्या मुलखात चालतं. आडदऱ्यात मात्र मयत उचलली, की शेजारीण त्या घरात शिरते आणि त्याच घरची चूल पेटवते. बाहेरगावचे व्याही तोंडात बोटं घालतात. एकजण तर पाणीही न घेता चालता झाला होता. त्या रीतीचं कारण धोंडीबा सांगतो ते असं.

फार मागची गोष्ट. राजा कोणता, साल कोणतं, हे धोंडीबाला विचारू नये. "राजाचं राजाला ठावं. आमाला चुलीचं ठावं," एवढंच उत्तर मिळतं. लढाई तीन वर्षं चालली होती, म्हणे. पहिल्या वर्षी गावचं धान्य गडावर गेलं. दुसऱ्या वर्षी ओझी वाहायला बैल गेले. तिसऱ्या वर्षी नांगराचे फाळसुद्धा गेले, लोहाराने त्यांचे भाले केले; आणि मग भाले धरायला माणसं गेली. बेचाळीस घरं, बेचाळीस गडी. मागे राहिलेल्या बायकांनी काठीने भोकं पाडून नाचणी पेरली. लढाई जिंकली म्हणतात ती अशी जिंकतात, हे बखरीत लिहीत नाहीत.

खिंड राखणं हे आडदऱ्याचं पिढीजात काम. पलीकडे गड, गडावर बारा गावांच्या तोंडचा घास. चाळीस गडी धोंडे घेऊन वर बसले, तर खाली हजार घोडं अडावं अशी ती जागा. त्या धाकाने गनीम माळावर तळ देऊन नुसता बसला होता. पण गडी खिंडीत नव्हतेच. वरून हुकूम आला आणि त्यांना दहा कोसांवर नदी ओलांडायचा उतार अडवायला नेलं. गनिमाला याचा पत्ता नव्हता.

घाटनाईक हैबतीची बायको राही एका सकाळी रिकामा गोठा झाडत होती. गवताच्या गंजीमागून तिचा धाकटा दीर, गडाचे निरोप पोचवणारा म्हादू पुढे आला. मांडीला फडकं बांधलेलं, त्यातून रक्त गळत होतं.

"वैनी, वरडू नगंस. दादा गेला," तो म्हणाला. "एकोनीस गेलं. बाकीचं नदीपल्याड अडकल्यात."

त्याने एकोणीस नावं सांगितली. राहीने ती ऐकली, पुन्हा म्हणून दाखवली, एकही चुकली नाही.

"आता नीट ऐक. येताना म्या जाळीत पडून त्येंचं बोलनं ऐकलं. नदीवर मारली ती मानसं कुठली, ते त्येंना ठावं न्हाई. त्या टेपाडावर मानूस बसवलाय. आडदऱ्याची असली, तर चुली बंद पडतील म्हनत्यात. बंद पडल्या, की खिंड मोकळी. म्या गडावर सांगावा नेतो. शिबंदी उतराया तीन दिस लागतील. तीन दिस चुली विझू देऊ नगंस."

तो लंगडत रानात शिरला. राही घरात आली आणि चुलीपुढे बसली.

त्या काळी असं मानत, की सुतकात घरची चूल पेटली तर धुराने मेलेल्याची वाट मोडते आणि जीव उंबऱ्यातच घुटमळत राहतो. राहीने फुंकणी उचलली. आपल्या धन्याची वाट आपणच अडवतोय, हे तिला पुरतं कळत होतं. समोर सासू बयाबाई भाकरीची वाट बघत बसली होती.

"डोळं का गं लाल?"

"सरपण ओलं हाय, आत्याबाई."

टेपाडावरचा माणूस धुराच्या एकेका रेघेमागे एकेक गोटा ठेवत होता, असं सांगतात. त्या सकाळी बेचाळीस भरले.

संध्याकाळी नवंच संकट उभं राहिलं. घरातलं सरपण आणि पीठ संपत आलेलं, म्हणून ठकू आणि तिच्या शेजारणीने आजपासून एकाच चुलीवर रांधायचं ठरवलं. त्यांचं बघून आणखी चार घरं तयार झाली. राही धावत गेली. "आपापली चूल पेटवा," म्हणाली. कारण मात्र सांगेना.

"सरपण काय तुझा बा आनून देतो?" ठकूने विचारलं. बाई फटकळ होती, आणि म्हादूने सांगितलेल्या नावांपैकी सातवं नाव तिच्या नवऱ्याचं होतं.

"माजा गोठा मोडा. लाकडं न्या."

बायकांनी खरंच गोठा मोडला. नाइकिणीला माज आलाय, असंही वर बोलून घेतलं. राहीने सगळं ऐकलं आणि आढ्याची लाकडं स्वतः वाटली. तिन्हीसांजेला पुन्हा बेचाळीस धूर निघाले.

दुसऱ्या दिवशी दुपारी ठकूचा कुत्रा आला. तो धन्याबरोबर लढाईला गेला होता आणि एकटाच परत आला होता. ठकूला सांगावं लागलं नाही. तिने भरली घागर चुलीत पालथी केली आणि गळा काढायला तोंड उघडलं. राहीने मागून येऊन तिचं तोंड हाताने दाबून धरलं. ठकू तिच्या हाताला कडकडून चावली, तरी राहीने हात काढला नाही.

आता झाकून भागणार नव्हतं. राहीने साऱ्या बायकांना घागरी घेऊन पाणवठ्यावर बोलावलं. घागरी घेऊन जमलेल्या बायकांचा टेपाडावरून कुणाला संशय येणार नव्हता.

"पयलं नाव माज्या धन्याचं," ती म्हणाली आणि पुढची अठरा नावं तिने सांगितली. प्रत्येक नावाला एक घागर हातातून खाली टेकत गेली. ज्यांचं नाव आलं नाही त्यांनी मान वर केली नाही. आपला वाचला याचा आनंद झाला म्हणून त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. मग राहीने चुलींचं सांगितलं. गनिमाचं भय होतंच, पण धन्याचा जीव उंबऱ्यात अडकवायचा कुणी?

बयाबाई उठली. पोटचा पोर गेल्याचं तिला आत्ता, चारचौघींत कळलं होतं.

"सुतकाचा हात चुलीला लागाया नगं ना? मग ज्यांच्या घरी सुतक न्हाई त्या पेटवतील," म्हातारी म्हणाली. मग गेलेल्या पोरांना म्हणाली, "आनि वाट गावली न्हाई, तर पोरांनो, म्या काय आता लई दिस ऱ्हात न्हाई. मी आले, की एकेकाच्या हाताला धरून नेईन."

तेवीस घरच्या बायका एकोणीस घरांत शिरल्या. ठकूच्या चिखल झालेल्या चुलीतली राख तिच्या शेजारणीने ओंजळींनी उपसली. सरपण मुद्दाम ओलं घातलं; धूर दाट निघाला आणि ज्यांना रडायचं होतं त्या धुरात तोंड घालून बिनआवाजाने रडल्या. त्या संध्याकाळी टेपाडावर पुन्हा बेचाळीस गोटे पडले.

तरी गनिमाचा संशय फिटला नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी एक स्वार गावात आला आणि नेमका नाइकाच्या दारात उतरला. पाणी मागितलं. राही कपाळभर कुंकू आणि हातभर चुडा घालून बाहेर आली. त्याने ओंजळ पुढे केली, तेव्हा त्याच्या मनगटावर हैबतीचं रुप्याचं कडं होतं. एका बाजूला चेपलेलं. ते लग्नात कसं चेपलं, हे राहीला ठाऊक होतं. स्वार ओंजळीकडे पाहतच नव्हता, तो तिच्या तोंडाकडे पाहत होता.

राहीने पाण्याची धार धरली. ती मध्ये तुटली नाही, हलली नाही.

"घरधनी कुठाय?"

"खिंडीत. त्येंचीच भाकरी थापतेय. थांबता का? संगं चला, गाठ घालून देते."

स्वाराने ओंजळ झटकली, घोड्यावर बसला आणि आला तसा गेला. राही तांब्या घेऊन दारात उभीच राहिली. बयाबाईने येऊन तो तिच्या हातातून सोडवून घेतला.

त्याच दिवशी ऊन कलताना खिंडीत गडाची निशाणं दिसली. गनिमाने तळ उठवला. राहीने तेव्हा कुठे कुंकू पुसलं आणि हातातला चुडा फोडला, आणि मग सारं गाव ऐकेल अशी ती रडली.

गनीम माघारी फिरेल म्हणून शेजारणींनी चुली चालूच ठेवल्या होत्या. पाचव्या दिवशी वाचलेले तेवीस गडी परतले. टेपाडावर येऊन त्यांनी खाली पाहिलं, तर बेचाळीस घरांतून बेचाळीस धूर. गावात अजून कुणाला काहीच ठाऊक नाही, असं त्यांना वाटलं; एकोणीस दारांत जाऊन सांगायचं कसं? कुणाचा पाय खाली उतरेना. शेवटी राहीच पाटीत भाकरी घेऊन वर गेली. तिचं कपाळ मोकळं होतं.

"नावं ठावं हायती आमाला," ती म्हणाली. "तुमाला सांगावं लागनार न्हाई. आदी जेवा."

बयाबाई त्याच वर्षी गेली. त्या दिवशी तिची चूल ठकूने पेटवली, म्हणे, आणि तेव्हापासून ती रीत पडली.

आजही आडदऱ्यात ती चालते. घरोघरी गॅस आला आहे, त्यामुळे एरवी धूर दिसत नाही. पण कुणी गेलं, की शेजारीण त्या घराच्या अंगणात तीन दगड मांडते आणि लाकडंच पेटवते. परवा पाहुणे टेपाडावर बसले होते, तेव्हा खाली एकाच घरातून धूर निघत होता. धोंडीबाने गोष्ट संपवली, उठला, वाटेकडेची चार वाळकी लाकडं उचलून काखेत घेतली. "सरूमावशी गेली काल," म्हणाला. "खाली जाताना मोकळ्या हातानं जायचं नसतं."

पाहुण्यांचा गड बघायचा तसाच राहिला. प्रत्येकाने वाकून एकेक लाकूड उचललं आणि ते धोंडीबामागून उतरू लागले.