पाचवाटेवरचे धुके

एका डोंगरात एकदा एक देव उगवला. देव आधी आला आणि त्याची कथा मागाहून तयार झाली. पण देवांच्या बाबतीत हा क्रम काही नवा नाही.

तो डोंगर म्हणजे एक राष्ट्रीय उद्यान होते. उद्यान म्हटल्यावर कारंजी आणि बाके शोधणाऱ्यांची तेथे निराशा होई. तेथे होते ते कोसच्या कोस रान, करवीच्या झुडपांतून गेलेल्या पायवाटा, माथ्यावर उघडा सडा, म्हणजे सपाट कातळाचे पठार, आणि सड्याच्या टोकावरून खाली झेपावणारा एक धबधबा. पायथ्याशी वनखात्याची चौकी होती. चौकीबाहेरच्या फलकावर बावीस गोष्टींना मनाई लिहिली होती. डोळे उघडे ठेवण्यास मनाई नव्हती. तरी बहुतेक लोक तीही असल्यासारखेच हिंडत.

पाहुण्यांना या वाटांवरून नेणारा एक वृद्ध वाटाड्या होता. सारे त्याला आबा म्हणत. तो इतके कमी बोले, की पाहुणे त्याला आधी बहिरा समजत आणि नंतर ज्ञानी. दोन्ही समजुती दुरुस्त करण्याच्या भानगडीत तो पडत नसे.

आबाच्या हाताखाली गेनू नावाचा एक तरुण तीन वर्षे शिकत होता. पायाने चपळ, जिभेने गोड. झाडांची नावे, पाखरांचे आवाज, धबधब्याची उंची, सगळे त्याला तोंडपाठ होते. आता त्याला हवा होता चौकीतून मिळणारा पितळी बिल्ला. बिल्ला असलेल्यालाच पाहुण्यांना एकट्याने वर नेता येई, आणि आबाने मान डोलावल्याखेरीज चौकीचे साहेब बिल्ला देत नसत. दसऱ्यापर्यंत बिल्ला मिळाला नाही, तर शहरात जायचे असे गेनूच्या घरी ठरले होते. मामाने तिकडे एका गोदामात राखणदाराची जागा बघून ठेवली होती. गोदामाला खिडकी नव्हती, हे गेनूने मुद्दाम विचारून घेतले होते.

श्रावणात आबाचा गुडघा सुजला. साहेबांनी तेवढ्यापुरती गेनूला परवानगी दिली, आणि दोन महिने तोच पाहुण्यांना नेऊ लागला. लोकांना घाई असते, हे त्याने ओळखले. फाट्याफाट्यावर थांबून वाट न्याहाळण्यात वेळ जातो, म्हणून त्याने आईचे एक जुने लाल लुगडे फाडले आणि प्रत्येक फाट्यावर जाण्याच्या आणि येण्याच्या योग्य वाटेवरच्या झाडाला एकेक चिंधी बांधली. चिंधी दिसली की त्या अंगाला वळायचे. दोन तासांची चढण सव्वा तासावर आली. पाहुणे खूश झाले. चौकीतल्या वहीत त्यांनी गेनूबद्दल चार चांगले शब्द लिहिले आणि पाचव्या शब्दाला भेळेच्या गाडीची सोय नसल्याची तक्रार केली.

मग एका पाहुणीने त्यांतल्या एका चिंधीशेजारी आपली एक चिंधी बांधली आणि हात जोडले. तिच्यामागून येणाऱ्याने दोन पाहिल्या, म्हणून तिसरी बांधली. पंधरा दिवसांत झाड लाल झाले, खाली नारळ फुटला, आणि हा देव मूल देतो की नोकरी देतो याबद्दल दोन पक्ष पडले. एवढ्या दाटीत देवाला आपली चिंधी ओळखू कशी यावी, असा प्रश्न शहाण्यासुरत्या माणसांना पडला. ते जरा आत शिरून, गुरांच्या वाटेवरचे, एखादे रिकामे झाड धरू लागले. भाद्रपद सरेपर्यंत अर्धे रान नवसाला लागले होते. गेनूला मौज वाटली. आपल्या हातून एक देव घडला याचा थोडा अभिमानही वाटला.

आश्विनात आबाचा गुडघा बरा झाला. त्याच सुमारास एके दिवशी एक कापडाचे व्यापारी सपत्नीक धबधबा पाहायला आले. साहेब गेनूला म्हणाले, "आज तूच ने. आबा नुसते मागून येतील. उद्या तुझ्या बिल्ल्याचं बघू." आबाने काठी उचलली आणि तो सर्वांच्या मागे उभा राहिला.

गेनू त्या दिवशी वाऱ्यासारखा चालला. व्यापारीही घाईचे गृहस्थ होते. त्यांना धबधबा पाहायचा होता त्यापेक्षा पाहून झालेला हवा होता. अडचण होती ती त्यांच्या पत्नीची. ती बाई वीस पावले चाले आणि मागे वळून उभी राही.

"अगं, चल की!" शेट ओरडले. "घरी गॅस चालू राहिल्यासारखी काय मागं बघतेस सारखी?"

"येते हो. तुम्ही व्हा पुढे."

"बाई, धबधबा पुढं हाय," गेनू हसून म्हणाला. "मागं काय बी न्हाई."

"पुढचं काय, आपल्याकडे येणारच आहे," ती म्हणाली. "मागचं चाललंय ना. त्याला जरा पोचवते."

शेटांनी गेनूकडे पाहून कपाळाला हात लावला. गेनूने सहानुभूतीने मान हलवली. आबा त्या बाईच्या मागे चार पावलांवर उभा होता. ती थांबली की तो थांबे. तिच्या नजरेच्या आड येऊ नये म्हणून तेवढा बाजूला सरे.

सड्यावर ते पोचले तेव्हा ऊन मऊ पडले होते. कातळावर जिथे मूठभर माती, तिथे निळी-जांभळी फुले उगवली होती. इतकी बारीक, की एकटे फूल दिसत नसे, नुसती जमिनीवर एक रंगाची साय धरल्यासारखी वाटे. धबधबा आधी कानांना दिसला. मग कड्याच्या टोकाशी पाणी जरा वेळ थांबल्यासारखे झाले, आणि काही विसरलेले आठवावे तसे एकदम खाली गेले. खालून तुषार वर येत होते. थोडे पाणी पडत होते आणि थोडे परत येत होते, आणि त्यातले कोणते कोणते, हे पाहता पाहता शेटसुद्धा पाच मिनिटे गप्प बसले. एवढा वेळ ते गप्प बसल्याचे त्यांच्या पत्नीला लग्नानंतर आठवत नव्हते. ती ओल्या कातळावर पाय सोडून बसली. झोपेत हसावे तसे काहीतरी तिच्या चेहऱ्यावर होते.

मग दरीतून धुके वर आले. प्रथम ते धबधब्याच्या तुषारांसारखेच वाटले. नंतर धबधबा गेला, फुले गेली. शेवटी आपलेच पाय कोणी दुसऱ्याचे असावेत असे लांब दिसू लागले.

"चला, निघू," गेनू म्हणाला. चार वाजले होते. सड्यावरून पाचवाटेपर्यंत तो सरळ आला. पाचवाट म्हणजे पाच पायवाटा एकत्र येण्याची जागा. त्यांतली एकच चौकीकडे उतरत होती. दोन गुरांच्या होत्या, रानात फिरून फिरून जिरणाऱ्या. एक परत सड्यावर जात होती. आणि एक कड्याच्या काठाने जाऊन काठावरच संपत होती.

एरवी येथून चौकीचे पांढरे छप्पर दिसे. गेनू त्याच्या रोखाने उतरे. आज छप्पर नव्हते. त्याने चिंधी शोधली. चिंधी होती. पाचही वाटांच्या तोंडाशी होती. लाल, ओली, शेकड्यांनी. आईच्या लुगड्याची कोणती, हे आईलासुद्धा सांगता आले नसते.

गेनू एका वाटेने दहा पावले गेला आणि परत आला. दुसऱ्या वाटेने गेला आणि जास्त लवकर परत आला, कारण पायाखालून सुटलेला दगड खाली पडल्याचा आवाजच आला नाही.

"काय रे, वाट चुकलास?" शेट म्हणाले.

"न्हाई शेट. जरा... धुकं हाय."

"धुकं मलाही दिसतंय! मी वाट विचारतोय." शेटांचा आवाज चढला, आणि मध्येच पातळ झाला. त्यांनी बायकोचा हात धरला. "दीड-दोन तासांत अंधारेल. हिला रातांधळेपणा आहे रे बाबा. आबा, आता तुम्हीच बोला. तुमची चाळीस वर्षं गेली इथे."

गेनूने आबाकडे पाहिले. त्या क्षणी त्याला बिल्ला नको होता. फक्त या दोघांना खाली न्यायचे होते.

आबा काठीवर रेलला होता. तो पुढे आला नाही. त्या बाईकडे वळून म्हणाला, "ताई, आपण कंच्या वाटंनं आलो?"

शेट थक्क झाले. "अहो, तिला काय विचारता? ती आयुष्यात पहिल्यांदा आलीय इथे! स्वतःच्या गल्लीत रिक्षावाल्याला डावीकडे सांगून उजवीकडे पोचते ती!"

"शेट, जरा गप ऱ्हावा," आबा म्हणाला. "ताई, घाई न्हाई. बघा."

बाईने डोळे मिटले. धुके तिच्या केसांवर बारीक थेंबांनी बसले होते. मग ती एका वाटेच्या तोंडाशी गेली, पुन्हा दुसरीच्या. "इथे एक झाड आहे ना," ती हळूच म्हणाली, "कमरेवर घागर घेऊन उभ्या राहिलेल्या बाईसारखं? येताना ते बाजूनं गेलं तेव्हा नुसतं झाड होतं. मागे वळले तर बाई झाली." तिने हाताने चाचपले. धुक्यातून एक वाकडे खोड पुढे आले. एका अंगाला मोठी गाठ, गाठीवर टेकलेली फांदी. "हीच. ही आपल्याला पोचवायला आली होती. इकडून."

ती पुढे झाली. तिच्या मागे तिचा हात न सोडता शेट, त्यांच्या मागे गेनू. आबा बाजूने चालत होता. दोन-दोन पावलांवर ती थांबे आणि कोणाशी तरी ओळख सांगितल्यासारखी बोले. "हा खडक म्हणजे झोपलेली म्हैस. आता ओढ्याचा आवाज डाव्या कानाला यायला हवा... आला. आता करवीचा बोगदा, त्याच्या तोंडाशी आभाळ गोल दिसत होतं." आभाळ आज नव्हते, पण बोगदा होता. गेनू तीन वर्षे त्या वाटेवर होता. ही म्हैस त्याने कधी पाहिली नव्हती.

दिवेलागणीला चौकीचा कंदील दिसला. शेटांनी आधी बायकोला बाकावर बसवले, मग रानाकडे तोंड करून हात जोडले आणि म्हणाले, "देवानंच आणलं!" एवढ्यावर न थांबता त्यांनी आपला चांगला हातरुमाल फाडला आणि जवळच्या झाडाला बांधला. बाई हसू लागली. इतकी हसली, की शेवटी शेटही हसले. का, ते त्यांना कळले नाही.

ती दोघे गेल्यावर गेनू ओसरीवर आबाजवळ बसला. तो म्हणाला, "आबा, तुमाला वाट ठाव हुती."

"हुती."

"तिचं चुकलं असतं तर?"

आबा गुडघा चोळत राहिला. तेव्हा गेनूच्या ध्यानात आले, की उतरताना म्हातारा पहिल्यापासून शेवटपर्यंत दरीच्या बाजूने चालत होता.

"मग तिला का इचारलं?"

"मी सांगितलं असतं तर समदी खाली आलो असतो. तू तेवढा वरच ऱ्हायला असतास," आबा म्हणाला. "तुला वाटतं, वर जाती तीच वाट खाली येती. त्या दोन वाटा हायत, पोरा. जाताना झाडाची एक कूस दिसती, येताना दुसरी. तुझं ध्यान धबधब्यावर. तू फक्त जाणारी वाट शिकलास, आन् येणारी चिंधीवर सोपवलीस. चिंधी काय बघनार? त्या बाईला बिल्ला नको हुता, वेळ वाचवायचा नव्हता. तिला नुसतं मागं ऱ्हाणाऱ्याचं वाईट वाटत हुतं. ज्याला मागच्याची माया, त्येला परतीची वाट आपसूक ठाव असती."

"मला कधी बोलला न्हाईत तुमी."

"बोललो असतो तर तू मागं मान वळवली असतीस. बघितलं नसतंस."

गेनूने झाडाला बांधलेल्या रुमालाकडे पाहिले. "चिंध्या काढून टाकू?"

"आता त्या तुझ्या न्हाईत. लोकांच्या हायत. ऱ्हाऊ देत."

दुसऱ्या दिवशी साहेबांनी कागद पुढे ओढला आणि विचारले, "काय आबा, देऊ ना बिल्ला?"

"त्यालाच इचारा," आबा म्हणाला.

गेनू उभा होता. टेबलावर बिल्ला घासून पुसून ठेवलेला होता, आणि त्यात खिडकीबाहेरचा सगळा डोंगर इवलासा होऊन दिसत होता. "साहेब," तो म्हणाला, "अजून एक पावसाळा द्या. निम्मीच वाट आलीया मला."

साहेबांची लेखणी वरच राहिली. कागदावर 'मंजूर'ला जागा होती आणि 'नामंजूर'ला होती. अर्जदारानेच थांबा म्हणावे, अशी वेळ कागद छापणाऱ्यांना सुचली नव्हती. त्यांनी अर्ज तसाच खणात ठेवून दिला.

बाहेर आल्यावर आबाने विचारले, "मामाला काय सांगशील?"

"शिक्षण अर्धं ऱ्हायलंय म्हनून सांगीन. रागावंल. रागावू दे."

सोमवारी उद्यान पाहुण्यांना बंद असते. त्या सोमवारी सकाळी गेनू एकटाच वर गेला. सड्यावर ऊन होते, पाणी पडत होते. तो धबधब्याजवळ क्षणभरही थांबला नाही. पाण्याकडे पाठ करून तो उतरू लागला, अगदी सावकाश, पहिल्यांदाच आल्यासारखा.