घोडीचं भाडं

"मित्राकडून कुणी भाडं घेतं का, बाबा? तुम्हीच सांगा या झिपऱ्याला!"

उखा भोई फकीरबाबांच्या ओट्यापुढे उभा राहून तणतणत होता. त्याच्या मागे झिपरू, एका हातात घोडीचं दावं, दुसऱ्या हातात चुरगळलेली नोट.

घोडीला कालपासून पोटशूळ. चारा नाही, पाणी नाही. ढोरांचा डॉक्टर तापीच्या पलीकडे, आणि पूल काल सकाळीच पाण्याखाली गेलेला. आता घोडी जगवायची तर उखाची नाव, दुसरं काही नाही.

उखासारखा नावाडी दोन्ही काठांवर नव्हता. हे तो स्वतःच सगळ्यांना सांगायचा, म्हणून लोकांना सांगावं लागत नसे.

"एका ताटात जेवलो आम्ही," उखा म्हणाला. "आणि हा मला नोट दाखवतो! म्हणे, भाडं घेतलं नाहीस तर घोडी नावेत चढवणार नाही. अरे, मरेल ती!"

"मरू दे," झिपरू म्हणाला. त्याचे ओठ कापत होते. "पण फुकट नको."

बाबांनी घोडीकडे पाहिलं. तिच्या अंगावर घाम फुटला होता.

आता आमच्या काठाचा रिवाज सांगायला हवा. भाडं हातात पडलं की जनावराचं दावं नावाडी आपल्या मनगटाला गुंडाळतो. वल्ही दुसरे मारतात. पलीकडे उतरेपर्यंत मनगट सोडवायचं नाही, जनावर गेलं तर त्याच्यामागे पाण्यात जायचं. फुकट नेलं तर दावं नावेच्या कडीला. मग पुढे नदीची मर्जी. पुरात धन्याला नावेत घेत नाहीत, तेवढंच वजन कमी.

"उखा," बाबा म्हणाले, "गेल्या साली हिलालचा बैल नेलास."

उखाने मान हलवली.

"भाडं घेतलं होतंस?"

"नाही... हिलालपण दोस्तच की."

"दावं कुठं होतं?"

"कडीला."

"बैल बिथरला, ते तुला कधी कळलं?"

उखाने नदीकडे पाहिलं. पाणी गढूळ, मधोमध एक अख्खं झाड गरगरत चाललेलं.

"पाण्यात पडला तेव्हा."

"मग?"

"मग काय बाबा! नाव कलंडत होती. माझे दोघं भाऊ होते वल्ह्यावर. मी चाकूने दावं कापलं. दुसरं काय करणार?"

"काही नाही. बरोबर केलंस."

उखाला हायसं वाटलं असावं. पण बाबांनी विचारलं, "हिलाल काय म्हणाला?"

"काही नाही म्हणाला. फुकट नेलं होतं ना... कोणत्या तोंडाने बोलणार?"

झिपरूने मान खाली घातली. घोडीने एकदा मागचा पाय पोटावर मारला आणि कण्हली.

"उखा, एक सांग," बाबा अगदी हळू म्हणाले. "भाडं सोडतोस ते दोस्तीसाठी?"

उखा उसळला. "नाहीतर कशासाठी? मी काय..."

वाक्य तिथंच राहिलं.

मग तो मोठा, आडदांड माणूस ओट्याच्या पायरीवर मटकन बसला.

"भीती वाटते, बाबा," तो म्हणाला. "त्या बैलाने पाण्यातून माझ्याकडे बघितलं. त्या दिवसापासून ढोरं फुकट नेतो. सगळ्यांची. लोक म्हणतात, काय दिलदार आहे! ...मला मनगटाला दावं नको, बाबा. आणि या झिपऱ्याची घोडी गेली, तर मी याला तोंड कसं दाखवू? फुकट नेली असली म्हणजे निदान तो काही बोलणार तरी नाही."

"मला ठाऊक होतं रे," झिपरू म्हणाला. "हिलाल अजून रडतो. तुझ्यासमोर नाही रडत."

बाबा उठले. झिपरूच्या हातातली नोट घेतली. उखाची मूठ उघडली, नोट आत ठेवली, मूठ मिटली. मग घोडीचं दावं घेऊन त्याच मनगटाला दोन वेढे दिले.

घोडी थरथरत होती. ती थरथर दाव्यातून उखाच्या मनगटापर्यंत आली, तसा तो दचकला आणि तिच्याकडे वळून पाहू लागला. पहिल्यांदाच पाहत होता म्हणा ना. त्याने मोकळा हात तिच्या मानेवर ठेवला.

"होय गं, होय," तो पुटपुटला.

मग कमरेचा चाकू काढून त्याने बाबांच्या पायाशी ठेवला. बाबांनी तो उचलून परत त्याच्या कमरेला खोचला.

"असू दे. नावेत लागतो."

धक्क्यावर भाऊ वल्ही घेऊन उभे होते. उखा घोडीला घेऊन दहा पावलं गेला आणि थांबला. मागे वळला. चेहरा पांढराफटक पडला होता.

"बाबा... आता तर पहिल्यापेक्षा जास्त भीती वाटते."

"मग आता सोड नाव."