लाल की तपकिरी

"एकदाच खोकायचं, चाचा. मी वाकेन तो बॉल तपकिरी असेल तेव्हा. एवढंही नाही करणार माझ्यासाठी?"

दस्तगीरचाचांनी खडूच्या तुकड्यावरची धूळ फुंकली.

क्लबच्या मागच्या व्हरांड्यात दोघंच होते. आत साठीपुढच्यांच्या स्नूकर स्पर्धेचा अंतिम सामना तासाभरात सुरू व्हायचा होता, आणि विश्वंभर रेंदाळकर त्यात खेळणार होते.

चाचांनी या क्लबात चाळीस वर्षं मार्करचं काम केलं. म्हणजे गुण मांडायचे, टेबलाच्या कापडाला इस्त्री करायची, आणि येईल त्याला शिकवायचं. इचलकरंजीत ज्याच्या हातात क्यूची काठी नीट बसली, त्याची बोटं कधी ना कधी चाचांनी वळवलेली असायची.

रेंदाळकरांचीही त्यांनीच वळवली होती. वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी.

त्याआधी रेंदाळकर मिलमध्ये रंगमास्तर होते. चौतीस वर्षं त्यांनी कापडाच्या छटा जुळवल्या. मरून रंगाच्या दोन ठाणांतला फरक ते दारातूनच सांगायचे. छटा मोजायचं यंत्र आलं, तरी मालक शेवटी ठाण त्यांच्यापुढंच टाकायचा.

आता त्या डोळ्यांच्या नसा सुकत चालल्या होत्या. टेबलावरच्या दिव्याखाली लाल आणि तपकिरी त्यांना एकच दिसायचे. हे डॉक्टरांना ठाऊक होतं. बायकोला नव्हतं. चाचांना आत्ता कळलं होतं.

कालच्या सामन्यात लाल मारायच्या पाळीला त्यांनी तपकिरी मारला होता. चार गुण समोरच्याला गेले. "हात सटकला," म्हणून ते हसले, तेव्हा सगळा हॉल हसला होता.

"पंचाला विचारा," चाचा म्हणाले. "रंग विचारला तर पंचानं सांगायचा. नियमच आहे तसा."

"शंभर माणसांत? रंगमास्तर रेंदाळकर विचारणार, मॅडम, हा लाल की तपकिरी? उद्या चहावाला साखर दाखवून म्हणेल, मास्तर, ही पांढरीच ना?"

चाचांना हसू आलं. त्यांनी ते लपवलं नाही.

"हसा. तुमचं काय जातंय!"

"माझं काय जायचं राहिलंय? दात होते, ते गेले."

"मला जिंकायचंय, चाचा. माझं हे शेवटचंच वर्ष. पुढच्या वर्षी हिरवाही जाईल म्हणाले डॉक्टर..." रेंदाळकरांचा आवाज खाली आला. "खोकाल?"

चाचांनी आपल्या बोटांवरचा निळा खडू पुसला.

"खोकतो," ते म्हणाले.

सामना तीन फ्रेमचा, म्हणजे तीन डावांचा होता. समोर कराडचे डॉक्टर थोरवे.

रेंदाळकर पहिल्याच बॉलवर वाकले. चाचा खोकले.

रेंदाळकरांनी तो सोडला, दुसऱ्यावर नेम धरला. चाचा खोकले.

तिसऱ्यावरही खोकले. थोरवे खेळायला वाकले, तेव्हाही खोकले. मागच्या रांगेतून कुणीतरी खडीसाखर पुढं केली. चाचांनी ती तोंडात टाकली, मान लववून आभार मानले, आणि खोकले.

शेवटी रेंदाळकरांनी अंदाजानं मारलं.

"फाउल. चार."

पहिली फ्रेम गेली.

पंच म्हणून पुण्याहून एक मुलगी आली होती. पांढरे हातमोजे, नम्र आवाज. "आजोबा, जरा बाहेर बसता का?"

"बसतो की, बाई."

चाचा उठले. दाराबाहेर पाऊल पडलं आणि खोकला थांबला. दाराच्या काचेला कपाळ टेकवून ते उभे राहिले.

दुसरी फ्रेम. लाल मारायची पाळी. दिव्याखाली दोन बॉल जवळजवळ, अगदी सारखे. रेंदाळकर वाकले. उठले. क्यूच्या टोकाला खडू लावलेलाच होता, तो पुन्हा लावला. पुन्हा वाकले...

मग सरळ उभे राहिले.

"मॅडम." आवाज त्यांचा त्यांनाच ओळखू आला नाही. "डावीकडचा... कोणता आहे?"

"ब्राउन, सर."

रेंदाळकरांनी उजवीकडचा मारला. तो सरळ पॉकेटात गेला.

पुढच्या वेळी त्यांनी पुन्हा विचारलं. त्याच्या पुढच्या वेळीही. चौथ्या वेळी मिलमधला जुना आवाज परत आला होता, ठाण पुढं आणायला सांगावं तसा. "कोपऱ्यातला?" "रेड." "बरं."

फ्रेम त्यांनी घेतली.

तिसरी अटीतटीची झाली. विचारत विचारत ते थोरव्यांच्या बरोबरीला आले. टेबलावर काळा एकटा उरला. तो विचारावा लागला नाही. त्यांनी मारला, बॉल पॉकेटाच्या ओठावर थरथरला, आणि तिथंच थांबला.

थोरव्यांनी तो आत घातला.

रेंदाळकरांनी थोरव्यांशी हात मिळवला. पंच मुलीशी मिळवला. आणि तडक दाराबाहेर आले.

"फसवलंत, चाचा."

"खोकलो की."

"हरलो त्याचं काही नाही. पुढच्या वर्षी येणार मी, हिरवा जाऊ दे नाहीतर निळा जाऊ दे. पण चाचा..." त्यांना धाप लागली होती. "आठ वेळा विचारलं. आठही वेळा सगळा हॉल माझ्याकडं बघत होता."

"तुमची पाठ होती तिकडं."

"पाठीला कळतं."

आत टाळ्या वाजत होत्या. थोरव्यांच्या गळ्यात हार पडत असावा.

चाचांनी एकदा काचेतून आत पाहिलं, मग रेंदाळकरांकडे.

"मला इथनं सगळ्यांची तोंडं दिसत होती, मास्तर... तुम्ही विचारलं, की सगळे बॉलकडं बघायचे."