निवळ पाण्यात गुरुजी

एकदा काय झाले, सरोवराकाठच्या एका नगरीत, जिथे लांबलांबून प्रवासी केवळ पहाट पाहायला येत, तिथे एक वृद्ध छायाचित्रकार राहत होता. धुके आणि पाण्यातली प्रतिबिंबे टिपण्यात त्याचा हातखंडा. त्याच्यापाशी एक तरुण शिष्य शिकायला राहिला होता. वडिलांनी त्याला निघतानाच बजावले होते, "कार्तिकी पौर्णिमेच्या स्पर्धेत चित्र दिलं नाहीस, तर मुकाट्याने दुकानात येऊन बसायचं."

पौर्णिमेची पहाट उजाडत होती. बायकांच्या घाटावर कार्तिकस्नान चालले होते. गुरुशिष्य जरा पलीकडे, झाडांच्या आडोशाला बसले होते. धुके इतके दाट, की नुसती कांकणे ऐकू यावीत, माणूस दिसू नये. एवढ्यात धुक्याला फट पडली. एक बाई कमरेइतक्या पाण्यात हात जोडून उभी होती. पदर खांद्यावर उतरलेला, आणि मस्तकावर एकही केस नाही, आजारपणाने नेलेले. पाणी आरशासारखे निवळ, त्यात ती तशीच्या तशी उतरली होती. शिष्याला वाटले, हेच ते चित्र! त्याने कॅमेरा डोळ्याला लावला.

धप्पकन आवाज झाला.

गुरुजी शाल-चपलांसकट पाण्यात उतरले होते! "पाण्यात खडा टाकलास तर शिकवणी बंद," असे जन्मभर दटावणारे गुरुजी दोन्ही हातांनी पाणी घुसळत होते. प्रतिबिंबाच्या चिंध्या झाल्या.

"अगं बाई! कोण आहे तिकडे?" तिने झटकन पदर डोक्यावर ओढला.

"म्हातारा पाण्यात पडलाय, माई! पाठमोरा आहे मी. तुमचं चालू द्या."

"जपून हो आजोबा, तिथे शेवाळ आहे फार!"

धुके पुन्हा मिटले. गुरुजी बाहेर आले, तसा शिष्य म्हणाला, "गुरुजी, हे काय केलंत? माझं सगळं त्या एका चित्रावर होतं! आणि मी तिला कुठे टिपत होतो? नुसतं प्रतिबिंब तर होतं."

गुरुजींचे दात वाजत होते. "प्रतिबिंब कुणाचं रे? पाण्याचं? या घाटाला भिंत नाही. म्हणून या बाया धुक्याच्या भरवशावर येतात. ती माउली कोण, मला ठाऊक नाही. पण घरच्या आरशापुढेही तिने पदर उतरवला नसेल. आज देवापुढे उतरवला. त्या दोघांच्या मध्ये आपण कॅमेरा घेऊन बसलो. धुकं कसं टिपावं ते मी तुला शिकवलं, ते कुणासाठी पडतं हे सांगायचं राहिलं."

शिष्याने कॅमेरा झोळीत ठेवला आणि घाटाकडे पाठ करून बसला. बऱ्याच वेळाने मागून ओल्या पावलांची चाहूल आली.

"आजोबांना आल्याचा चहा पाजा हो, पार गारठलेत," ती माउली जाता जाता म्हणाली. शिष्याला मान वर करवेना.

सायंकाळी वडिलांचा फोन आला. "काय, दिलंस का चित्र?"

"नाही बाबा. उद्या येतो दुकानात."

"का रे? धुकं पडलं नव्हतं का?"

"पडलं होतं," तो शांतपणे म्हणाला, "ज्यांना हवं होतं, त्यांना पुरेसं पडलं होतं."