सीताफळाची बाग आणि मोहरीएवढी माशी

मला गोष्टी सांगायचा कंटाळा आहे. पण सुनेनं चहा अडवून धरलाय, म्हणते, "आधी पोरांना गोष्ट, मग कप." म्हणून सांगतो. मध्ये कुणी बोलायचं नाही.

फार मागं, तुमचे-आमचे पणजोबा जन्मायच्या आधी, एका गावात देवीची सीताफळाची बाग होती. फळांची पहिली पाटी देवीपुढं गेल्याशिवाय गावात कुणी फळ तोंडात घालत नसे. बाग राखायची एक म्हातारी माळीण. घर बागेत, पोट बागेवर.

एका वर्षी फळांवर पिठ्या ढेकूण पडला. पीठ भुरभुरल्यासारखा पांढरा किडा, फळाचा रस पिणारा. त्याच्या अंगातून गोड पाणी गळतं, ते मुंग्या चाटतात. म्हणून मुंग्या त्याला गुरासारखं राखतात.

पण बागेत मोहरीएवढी एक माशी होती. ती ढेकणाच्या पोटात अंडं घाली. आतली अळी ढेकूण खाऊन टाकी आणि मागं उरे तपकिरी टरफल, त्यातूनच पुढं नवी माशी निघे.

मुंग्या पाटलाकडं गेल्या. "मालक, ती माशी रोग पसरवते. ती बसली तिथं डाग पडतो."

पाटील म्हणाला, "मुंगी कष्टाळू. ती कशाला खोटं बोलेल?"

अरे गाढवा, चोर काय आळशी असतो?

माळीण म्हणाली, "पाटील, माशीच ढेकूण मारते. जरा वाकून बघा."

"मी वाकू? तुझ्या सांगण्यावरून?" पाटील खेकसला. "बागेला धुरी द्या! आणि जत्रेला पाटी भरली नाही, तर तू बाग सोडायची."

धुरीनं माश्या मेल्या. चिकटलेले ढेकूण तसेच राहिले. आठ दिवसांत बाग पांढरी फटक. पण म्हातारीनं आधीच टरफलांच्या चार डहाळ्या मडक्यात घालून तोंडाला फडकं बांधलं होतं.

पाटील धावत आला. "म्हातारे, काहीतरी कर!"

"करते. आधी गावापुढं म्हणा, माझं चुकलं."

पाटलानं तोंड फिरवलं.

"राहू दे," ती म्हणाली. "झाडांनी माझं काय वाकडं केलंय?" तिनं मुंग्या चढू नयेत म्हणून खोडांना फणसाचा चीक फासला आणि मडकं उघडलं. टरफलांतून नव्या माश्या निघालेल्या होत्या. जत्रेला पाटी भरली.

आणि पाटील देवळात छाती फुगवून काय म्हणाला? "बघा, माझी धुरी कशी लागू पडली!"

म्हातारीनं मडकं उचललं आणि लेकीच्या गावी निघून गेली. पुढच्या वर्षी मुंग्या तीच तक्रार घेऊन परत आल्या, पाटलानं परत धुरी दिली. आता मडकं उघडायला कुणी नव्हतं. बाग वाळली, देवीची पाटी रिकामी गेली, आणि पाटलाला गावानं जत्रेत उभंसुद्धा केलं नाही.

बोध एवढाच: गोड बोलणाऱ्याच्या साक्षीवर मुकाट राबणाऱ्याला हाकलू नये, आणि हाकललंच तर "चुकलं" म्हणायला लाजू नये.

माझ्या बांधावरची असली टरफलं रोग समजून जाळणारा तो शेजारचा दगडू पोखरकर, त्यानं अजून हा एक शब्द उच्चारलेला नाही.