आवडाईचा हात

फार वर्षांपूर्वी, गावाच्या नदीवर पूल नव्हता आणि जाणत्यांच्या डोक्यात उजेड नव्हता, तेव्हाची ही गोष्ट. पूल आता झालाय.

भोयांच्या आळीत आवडाई राहायची. जाळी विणायची, मासळी विकायची. बाईमाणसानं पोहायचं नाही, असा नियम. पोरांना शिकवायची रीत एकच: उचलायचं आणि डोहात फेकायचं. वर आला तो भोई. न आलेल्यांची नावं कुणी घेत नसे.

एकदा जाळ्यात गुरफटून पाणमांजराची मादी मेली. मागं दोन पिल्लं राहिली, वांग्याएवढी.

"ह्यांना आता पोहायला कोण शिकवणार?" आवडाई म्हणाली.

म्हातारी मंडळी खो खो हसली. तिचा सासरा धोंडबा म्हणाला, "अगं खुळे, पाण्याचं जनावर ते! आईच्या पोटातनंच शिकून येतंय." आणि त्यानं एक पिल्लू डोहात भिरकावलं.

बुडबुडे आले. पिल्लू आलं नाही.

"त्याचं नशीब," धोंडबा म्हणाला. चुकलेल्या म्हाताऱ्याला नशीब बरं सापडतं.

त्यानं दुसऱ्याला हात घातला, तशी आवडाईनं ते पदरात ओढलं. "मामंजी, ह्याला शिवलात तर तुम्हालाच ढकलीन."

पण मासा धरता आल्याशिवाय ते जगणार नव्हतं. मग तीच लुगडं खोचून पाण्यात उतरली. पिल्लाच्या पोटाखाली तळवा धरला. ते कडकडून चावलं.

"चाव बाबा, चाव. मीबी भ्यालेय."

रोज उतरली. एक दिवस तिनं तळवा हळूच खाली घेतला, आणि पिल्लाला कळलंही नाही. पाय जन्मापासून त्याचेच होते. धीर तेवढा उसना हवा होता.

आनंदानं ती नाचली, शेवाळावरनं सटकली आणि थेट डोहात गेली. काठावरचे शहाणे बघत राहिले. असं म्हणतात, त्या एवढ्याशा पिल्लानं तिच्या पोटाखाली पाठ लावली, आणि आवडाईचे पाय आपसूक हलू लागले. असंही म्हणतात, की पुढच्या महापुरात तिनं खुद्द धोंडबाला ओढून काठाला आणलं.

त्या घाटावर आजही कुणी पोराला फेकत नाही. शिकवणाऱ्यानं आधी स्वतः छातीभर पाण्यात उतरायचं, "आवडाई, हात दे" म्हणायचं आणि पोराच्या, पोरीच्याही, पोटाखाली तळवा धरायचा. काठावरनं अक्कल शिकवणाऱ्या म्हाताऱ्याला धोतरासकट पाण्यात घेतात.

आणि हात कधी काढला, ते लेकराला कधीच सांगत नाहीत.