काटा सत्तरावर

"काट्यांची घड्याळं तशीच ठेवली असती, तर यशोधन वाचला असता का, मास्तर?"

हर्षवर्धन मुळीकनं हे उभ्याउभ्याच विचारलं.

खरवंडीकर मास्तर हँगरच्या दारात खुर्ची टाकून बसले होते. तापीकाठच्या त्या आखूड धावपट्टीवर त्यांनी बत्तीस वर्षं माणसांना विमान चालवायला शिकवलं. हर्षवर्धन त्यांचाच चेला, आणि त्याच्या पाठचा यशोधनही.

"बैस."

"बसायला नाही आलो. हो की नाही, तेवढं सांगा."



भांडण सहा महिन्यांपूर्वीचं होतं. मुळीकांचा ठिबकच्या नळ्यांचा कारखाना, त्यामुळे घरचं चार जणांचं विमान. दिवाळीच्या तोंडावर हर्षवर्धननं त्या विमानातली वेग-उंची दाखवणारी काट्यांची सगळी घड्याळं उपटली आणि तिथे दोन चकचकीत डिजिटल पडदे बसवले. मास्तरांना विचारलं नाही, नुसतं कळवलं. वर हेही म्हणाला की काटे आता म्हाताऱ्यांनी बघत बसावेत.

मास्तरांना ते लागलं. शिकलेल्या माणसाचा अहंकारही शिकलेला असतो. तो आरडाओरडा करत नाही, खुर्ची फिरवून बसतो. मास्तर तसे बसले.

सहाव्या दिवशी यशोधन ते विमान घेऊन परतीच्या पावसाच्या ढगात शिरला. विमान तुरीच्या शेतात सापडलं. यशोधनही तिथेच सापडला.

"आई माझ्या हातचं पाणी घेत नाही," हर्षवर्धन म्हणाला. "म्हणते, तुझ्या पडद्यांनी माझं पोर खाल्लं."

त्यानं बगलेतलं पाकीट पुढे केलं. चौकशीचा अहवाल सकाळीच आला होता. पाकिटाचा चिकटपट्टा जसाच्या तसा होता.

"मला फोडवत नाही. तुम्ही वाचा. आणि माझी चूक असेल तर तोंडावर सांगा."

मास्तरांनी पाकीट फोडलं. चौदा पानं होती. एकेक पान वाचून ते मांडीवर पालथं घालत गेले. अकराव्या पानावर एक फोटो होता. तिथे त्यांचा हात थांबला.



"कुंभारीण," ते म्हणाले.

"काय?"

"कुंभारीण माशी. मातीचं घर करते ती. नळीत केलं होतं."

कुठली नळी, हे हर्षवर्धनला सांगावं लागलं नाही. पंखाखाली बोटाएवढी एक नळी असते. तिच्या तोंडात वारा शिरतो आणि त्या वाऱ्याच्या जोरावरून विमानाला आपला वेग कळतो.

"पण त्यानं विमान उचललं तेव्हा वेग बरोबर होता. मी कडेला उभा होतो. रेडिओवर बोललाही तसं."

"घर अर्धं झालं होतं. वारा जायला फट होती. ढगात पाणी लागलं, माती फुगली... फट बुजली."

मास्तर उठून आत गेले. येताना त्यांच्या हातात धोतराच्या फडक्यात बांधलेलं काहीतरी होतं. गाठ सोडली तर आत वेगाचं जुनं घड्याळ. काचेवर डाव्या बाजूला बारीक चरा. हर्षवर्धननं ते लगेच ओळखलं.

"हे आमचंच."

"तू भंगारात टाकलं होतंस."

मास्तरांनी घड्याळाच्या पाठीला रबरी नळीचा तुकडा जोडला आणि दुसरं टोक त्याच्यासमोर धरलं.

"फुंक. हळू. यंत्र आहे, चूल नाही."

हर्षवर्धन फुंकू लागला. काटा थरथरला. चाळीस, पन्नास, साठ... सत्तरावर आला, तशी मास्तरांनी दोन बोटांत नळी चिमटली.

"आता थांब."

तो थांबला. काटा सत्तरावरच राहिला.

"वारा आहे?"

"नाही."

"वेग किती?"

"सत्तर."

"नळी अशी बुजली आणि विमान वर चढत गेलं की हा आपला आपण वाढत जातो. विमान मंदावत असतं, आणि काटा वाढत असतो. वेग फार झाला असं वाटून त्यानं नाक अजून वर धरलं असणार, आणि होता तोही वेग संपून विमान पडलं. मीही तेच केलं असतं."

"आणि पडदा?"

"त्याचीही नळी हीच."

हर्षवर्धन जमिनीवर बसला. म्हणजे काटे असते तरी... सहा महिने छातीवर ठेवलेला धोंडा जरासा हलला. त्याला बरं वाटलं, आणि बरं वाटल्याची तिथल्या तिथे लाज वाटली. भाऊ मेला होता आणि हा सुटल्याचा आनंद मानत होता.

"म्हणजे मी नाही मारलं त्याला," तो पुटपुटला. "आईला सांगतो. आज संध्याकाळीच सांगतो."

मास्तरांनी नळी अजून सोडली नव्हती.

"ठिबकची नळी तुंबते," ते म्हणाले, "तेव्हा तू शेतकऱ्याला काय सांगतोस?"

"पीक वाळायच्या आधी नळी बघत जा म्हणतो."

"विमानाची नळी कोण बघायचं?"



या धावपट्टीचा एक रिवाज होता. नळीच्या तोंडावर लाल फितीची टोपी असे. विमान निघायच्या आधी मास्तर स्वतः पंखाखाली वाकत, टोपी काढत, एक डोळा मिटून नळीत बघत आणि मग ती फीत चालवणाऱ्याच्या खिशात कोंबत. फीत खिशात आली की पोरं इंजिन चालू करत. शिकून वीस वर्षं झालेलीही तसंच करत. पडदे बसवण्याच्या गडबडीत ती टोपी कुठेतरी गहाळ झाली होती, आणि ते कोणाच्या ध्यानातही आलं नव्हतं.

"तुम्ही," हर्षवर्धन म्हणाला. "तुम्ही बघायचात."

"बत्तीस वर्षं. एकाही पोराला मी वाकू दिलं नाही. मला वाटायचं, ही माया..."

वारा सुटला. मांडीवरून खाली ठेवलेली पानं उडून हँगरभर पसरली. ती कोणी गोळा केली नाहीत.

"त्या दिवशी?" हर्षवर्धननं विचारलं.

"इथेच होतो. ह्याच खुर्चीत. पाठ करून बसलो होतो, पण हँगरच्या खिडकीच्या काचेत सगळं दिसत होतं. पंखापाशी उभा राहून त्यानं दोनदा माझ्याकडे बघितलं..."

मास्तरांची नजर काट्यावर गेली.

"मला वाटलं, नवे पडदे दाखवून खिजवतोय."

हर्षवर्धन उठला. म्हाताऱ्याची मान धरावी असं त्याला वाटलं. त्याचे पाय धरावेत असंही वाटलं. दोन्ही जमलं नाही. आईला आता काय सांगायचं, हेही त्याला कळेना. पडदे निर्दोष, काटे निर्दोष, माशीचाही काही दोष नाही. दोघे शहाणे काटा की पडदा यावरून भांडत बसले, आणि पोरगा मास्तरांची वाट बघून निघून गेला.

मास्तरांची बोटं पांढरीफटक पडली होती. घड्याळातला काटा मात्र सत्तरावर स्थिर होता.

"सोडा आता, मास्तर," हर्षवर्धन म्हणाला. "दुखेल हात."

मास्तरांनी काट्यावरची नजर काढली नाही.

"सोडली की शून्यावर येईल," ते म्हणाले. "तोवर उडतोय तो."